मास्ट पेशीवाले सर

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कातडीकडे बघून नमस्कार करणारा गृहस्थ अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या नशिबानं तो राजुऱ्याला आमच्याच खानावळीत जेवायला होता. गावातल्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. तरुणपणी नागपूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांच्या कातडीतल्या, खाज उठवणाऱ्या मास्ट पेशी पाहिल्या होत्या, आणि तेव्हापासून जगात दुसरं बघण्यासारखं काही उरलेलं नाही असं त्यांचं ठाम मत झालं होतं. लग्नाच्या पंगतीत लोक नवरीकडे बघतात. सर वांग्याच्या भाजीनं कुणाला खाज सुटली ते बघत फिरायचे. कुणी शिंकलं की त्यांचा चेहरा उजळायचा. स्वतः तर मोहफुलांच्या दिवसांत असे शिंकायचे की अंगणातल्या कोंबड्या शेजारच्या घरात जाऊन बसायच्या. "एवढं शिकले तरी तुमची शिंक काऊन नाई थांबत, सर?" असं विचारलं तर नाक पुसत म्हणायचे, "थांबली तं मी अभ्यास कशाचा करू?"

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीनं इतक्या लांब स्वयंपाकाला आलो. घरी खाणारी तोंडं फार, त्यातलं एक कमी झालं म्हणून आईनं डोळे पुसत पुसत का होईना, सुटकेचा निःश्वास टाकला होता. खानावळीच्या बाईंनी मला जेवण दिलं, निजायला कोपरा दिला. त्या उपकाराखाली मी इतका दबलेला, की एखादी पोळी करपली तरी दिवसभर माझा जीव खालीवर व्हायचा. अशात एका उन्हाळ्यात माझ्या अंगावर लाल गांधी उठायला लागल्या. खाज अशी की चुलीतलं लाकूड घेऊन खाजवावं. मी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून रांधू लागलो.

एके संध्याकाळी वरण वाढताना बाही वर सरकली. कोळसा खाणीतल्या एका भाऊंनी उचललेला घास ताटात परत ठेवला. "बाई, याले महारोग आहे. अन् आपण याच्या हातचं खाऊन राह्यलो!"

पंगत थांबली. बाई माझ्याकडे बघत हळू म्हणाल्या, "बाबू, लोकं जेवणार नाई तं खानावळ कशी चालवू? सकाळच्या गाडीनं घरी जाय तू." मी वरणाची बादली खाली ठेवली.

"शर्ट काढ," कोपऱ्यातून सर म्हणाले. उठले, चमच्याच्या दांड्यानं माझ्या पाठीवर एक सरळ रेघ ओढली आणि थांबले. थोड्या वेळात रेघ फुगून वर आली. "पाहा. महारोगाचा चट्टा बधिर असते, हा तं खाजवून खाजवून मरून राह्यला. अन् महारोग असता तरी काय? त्यालेबी औषध आहे आता. ही अ‍ॅलर्जी आहे. तुमचं जेवण होईस्तोवर रेघ पुसली जाते, पाहून घ्या."

थोड्या वेळानं खरंच ती ओसरू लागली म्हणे. तिथंच सर थांबते तर सगळं निभावलं असतं. पण भाऊंनी विचारलं, "आत होते तरी काय, सर?" आणि सरांना माझ्या पाठीचा फळा दिसला.

"ही मास्ट पेशी," म्हणून त्यांनी चमच्यानं गोल काढला. "हिच्या पोटात हिस्टामिनच्या, म्हंजे खाज आणणाऱ्या रसायनाच्या पुड्या. बाहेरून इशारा आला का आतलं एक एन्झाइम दुसऱ्याले जागं करते, दुसरं तिसऱ्याले. वणवाच समजा! पुड्या फुटल्या का गांधी उठली. पण आत विझवणारी एन्झाइमंबी असतात, जाळरेषा राखणाऱ्या फॉरेस्ट गार्डसारखी. याच्यात आग लावणारे चपळ, अन् विझवणारे झोपून!" पुड्यांचे ठिपके, आणि प्रत्येक वाक्यागणिक एकेक बाण. मला पाठ दिसत नव्हती. मान वळवली की पंगतीतली तोंडं तेवढी दिसत होती, आणि ती पांढरी पडत चालली होती.

"सर, हे तं वाढून राह्यलं!" दोघं ताटावरून उठले. सर स्वतःच काढलेल्या आकृतीकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले. शेवटी बाईंनी त्यांच्या हातातून चमचा हिसकावून घेतला. "तुमचं शिकवणं पुरे करा, सर. आता कोणी याले हात लावायचा नाई. मी पाह्यते काय होते ते."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मग बाण गेले, पुड्या गेल्या, शेवटी गोलही विरला. हे मला भाऊंनी सांगितलं. जवळ येऊन निरखून म्हणाले, "गेलं रे पोट्ट्या." आणि बाई म्हणाल्या, "मंग उभा काऊन आहेस? भात थंडा होऊन राह्यला."

त्या दिवसानंतर सरांनी एक नवं वेड काढलं. नेहमी सगळ्यांच्या शेवटी येणारा माणूस सगळ्यांच्या आधी यायला लागला. पाटावर न बसता दारातच उभं राहून पहिलं ताट माझ्या हातून घ्यायचे आणि पंगत जमेपर्यंत भुरके मारत जेवायचे. माझ्या हातचं खायला अजून बिचकणारा प्रत्येक जण त्यांना जेवताना बघतच आत यायचा. "सर, हल्ली भूक फार लागते?" मी एकदा विचारलं. "लागते ना बाबू," ते म्हणाले, "अन् तुझं वरणबी बरं असते."

पुढं ते गडचिरोलीकडच्या कॉलेजात गेले. ते गेले त्या संध्याकाळी मी सवयीनं लवकरच ताट वाढून दारात आलो. तेवढ्यात भाऊ आले, माझ्या हातून ताट घेतलं आणि आत जाऊन जेवायला बसले. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या ध्यानात आलं, सरांना तशी भूक कधी लागतच नसे.