लॅबमधून काढलेला आपला कंपायलर

मंडळी, आज सांगलीला जाऊन आलो आणि या ई-मेल लिस्टवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या कंपायलरची नवी आवृत्ती फ्लॉपीवर घेऊन साताऱ्याहून एसटीनं गेलो होतो. प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा आणि त्यातली चूक मराठीत सांगणारा हा कंपायलर मी आणि सुनीलनं मिळून लिहिला, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, सगळ्यांना खुला ठेवला. मध्यंतरी कोरेगाव, शिराळ्याच्या क्लासमधली पोरंही त्यावरच शिकायची. सुनील आता सांगलीतल्या एका कॉलेजात लॅबचा प्रमुख आहे.

त्याच्या लॅबमध्ये एकाही मशीनवर आपला कंपायलर नव्हता.

"काढला रं," सुनील म्हणाला. "आता परदेशी टाकलाय. इंटरव्ह्यूला त्योच इचारत्यात."

"त्यो लय महाग हाय. कॉलेजनं इकत घेतला?"

सुनील हसला. "इकत कोण घेतंय गड्या? कॉपी मारली."

म्हणजे आपला फुकट देऊनही नको आणि दुसऱ्याचा चोरून का होईना, पण हवा!

"आपल्या कंपायलरमधल्या चुका तरी कोण दुरुस्त करत बसणार?" तो म्हणाला.

"तू. निम्मा तूच लिवलायस."

"मला कुठला येळ?" म्हणत तो तासाला निघून गेला. मी फ्लॉपी घेऊन परत आलो.

'नवी आवृत्ती कधी?' असं विचारणारे या लिस्टवर ढिगानं आहेत. एक ओळ दुरुस्त करून पाठवणारा वर्षभरात कुणी भेटला नाही. नव्या आवृत्त्या काढणं मी आता थांबवतोय. सोर्स खुलाच राहील.

पण खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी तो एकदा तरी उघडून बघितलाय का?