गिअरबॉक्सवरचा हात

मिस्त्रींचा यंत्रावर विश्वास होता, पण यंत्र मोजणाऱ्या यंत्रावर काडीचा नव्हता. शेठनी एकदा मुंबईहून पितळी डबीतला उष्णता मोजायचा काटा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला, सदऱ्याला पुसला आणि परत दिला. म्हणाले, "शेठ, ह्यो काचंच्या मागं बसून सांगणार. त्याला कुटं चटका बसतोय?" मग बाही वर सारून त्यांनी उजवा तळहात तापलेल्या गिअरबॉक्सवर ठेवला आणि मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार... आमच्या मावळात खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मिस्त्री लोखंडाची धगही तशीच मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर गाडी पुढे. सातला उचलावा लागला तर पंधरा मिनिटं विश्रांती. पाचाच्या आत उचलला, तर शेठ असोत की लाटसाहेब, गाडी जागची हलायची नाही.

मी तळेगावचा. लोणावळ्याला या शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट आहे. मिस्त्री शेजारच्याच कुसगावचे, घरची भातशेती, पण हात लोखंडावर बसलेला. उमेदीची वर्षं त्यांनी रेल्वेच्या शेडमध्ये काढली. घाटात विजेची इंजिनं आली आणि वाफेच्या इंजिनांबरोबर तेही बाहेर पडले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आता त्यांच्या त्या वयापेक्षा माझं वय जास्त झालंय. हे सगळं सांगायचा शीण येतो खरा, पण मनात ठेवायचा त्याहून जास्त येतो, म्हणून सांगून टाकतो.

आमच्या शेठना वेगाचं वेड होतं. चांगली चालती मोटार होती, लांबलचक, उघड्या टपाची. तिला काय धाड भरली होती? पण शेठनी कुठल्याशा अपघातात चेंदामेंदा झालेल्या मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळवलं आणि आमच्या गाडीत बसवलं. ताकद दुप्पट झाली, गिअरबॉक्स मात्र तोच राहिला. पनवेल ते खोपोली सपाटीवर गाडी अशी पळायची की मला बायकोपोरं आठवायची. खरी रड घाटात होती. चढ सुरू झाला की गिअरबॉक्स तापायचा, पायाखालची फळी इतकी गरम व्हायची की चपलेतून चटका बसायचा. आतलं दाट तेल ताकासारखं पातळ होऊन गळायचं. आणि उतारावर एकदा तर दुसरा गिअर आपोआप निसटला. गाडी मोकळी सुटली, सगळा भार ब्रेकवर आला. समोर दरी. मी गाडी डोंगराच्या अंगाला घासून कशीबशी थांबवली. त्या दिवशी मी शेठना हात जोडून सांगितलं, मला सोडा नाहीतर मिस्त्री आणा.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडीला हातही लावला नाही. फळी काढायला लावली, शेजारी मांडी घालून बसले आणि तासभर नुसते बघत राहिले. मला वाटलं, पेंगले. शेवटी म्हणाले, "डायवर, बैल बदलला, जू तेच ठेवलं. ते तापणार न्हाई तर काय करंल?" मग एकेक सांगायला लागले. धुराचा तापलेला नळ गिअरबॉक्सला अगदी खेटून जात होता. तो त्यांनी दुसऱ्या बाजूनं वळवून नेला आणि मध्ये पत्रा उभा केला. गाडीच्या पोटाखाली पत्र्याचं एक रुंद तोंड बसवलं, म्हणजे समोरचा वारा थेट गिअरबॉक्सवर यावा. त्याला ते 'नाक' म्हणत. "पावसात नाक बंद करायचं बरं का, न्हाईतर पानी पिल," हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल.

त्यांची खरी करामत पुढे होती. एका मोडक्या लेथवरचा छोटा पंप त्यांनी पट्ट्यावर चालता केला. तो गिअरबॉक्समधलं गरम तेल ओढायचा, गाडीच्या पुढच्या जाळीखाली वाऱ्यात बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवायचा आणि गार करून परत आत सोडायचा. हे वेटोळं वळवायला बंगल्यावर काही मिळेना, तर पठ्ठ्यानं घरून भात कांडायचं मुसळ आणलं आणि नळी त्याच्यावर गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको बंगल्याच्या फाटकाशी कमरेवर हात देऊन उभी. "आवो, तुमच्या मोटारीला तांदूळ कांडायचाय का?" म्हणून तिनं सगळ्यांदेखत मुसळ काखेत मारून नेलं. मिस्त्री मान खाली घालून हसत होते. हसले की ते फार लहान दिसायचे.

एवढं करूनही घाटात मध्ये एकदा थांबणं भागच होतं. शेठ गिअरबॉक्ससाठी थांबायला तयार नव्हते. "इतकी नळी-बिळी लावली, आता कशाला थांबायचं?" असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री वाद घालणाऱ्यातले नव्हते. ते सरळ शेठाणीबाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, नवं इंजान हाय. घाटात शिंग्रोबाला दर खेपंला नारळ द्या. राखणदार हाय त्यो." झालं! त्या दिवसापासून वर जाताना काय नि खाली येताना काय, शिंग्रोबापाशी गाडी थांबायचीच. शेठ नि बाई देवळात, दर खेपेला सोबत येणारे मिस्त्री फळी उचलून गिअरबॉक्सवर. मला डोळा मारून म्हणायचे, "शेठ गिअरबाक्साचं ऐकत न्हाईत, बाईंचं तरी ऐकत्यात." नारळ फुटून, प्रसाद वाटून होईपर्यंत पंधरा मिनिटं सहज जायची. पुढं तर त्यांनी बाईंना पाच प्रदक्षिणाही लावून दिल्या.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग एका वैशाखातल्या दुपारी आम्ही खोपोलीहून वर येत होतो. ऊन मी म्हणत होतं. देवळापाशी थांबलो, मिस्त्रींनी फळी उचलली आणि हात ठेवला. लाभ, दोन, तीन... दहा झाले, बारा झाले, पंधरा झाले. "लय गार हाय. चला," म्हणाले. मला काही पटेना. माझ्या पायाखाली फळी नुसती पेटली होती, जळक्या तेलाचा वास येत होता. ते पाणी प्यायला वळले तसा मी हळूच हात लावून पाहिला. 'दोन' म्हणायच्या आत हात मागे आला. खाली वाकून बघतो तर पंपाचा पट्टा तुटून लोंबत होता. मी धावत त्यांच्याकडे गेलो. ते ओंजळीनं पाणी पीत होते, आणि त्या ओंजळीतल्या उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड टरारून आला होता. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मी त्यांचा हात धरून समोर केला. त्यांनी फोडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शेठना चाकात हवा कमी आहे अशी थाप मारली आणि तासभर काढला. पट्टा बांधताना मिस्त्री पुटपुटले, "वरीस झालं असंल. च्याचा गरम कप बी हाताला कळत न्हाई. म्हटलं, हाताला घट्टे पडल्यात, म्हनून आसंल." मग कामातून मान वर न करता म्हणाले, "डायवर, कुनाला बोलू नगंस. ह्यो हात गेला तर माझं काय ऱ्हायलं?"

मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो नाही, त्यांना सामीलही झालो. त्यानंतर दर खेपेला त्या फळीखाली आमचे दोघांचे हात शेजारी-शेजारी असायचे. मोजायचे ते, चटका बसायचा मला. सोसेनासं झालं की मी त्यांच्या मनगटाला बोट लावायचो आणि ते तिथंच थांबायचे. "सात. जरा दम खाऊ द्या शेठ," असं इतक्या रुबाबात म्हणायचे की वाटावं, कळ त्यांनाच गेली. आता विचार केला की अंगावर काटा येतो. ज्या गाडीत माणसं बसायची तिच्याशी आम्ही हा खेळ केला. पण तेव्हा मला फक्त त्या माणसाची लाज राखायची होती.

पुढच्या उन्हाळ्यात शेठची मुलगी बाळंतपणाला बंगल्यावर आली होती. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि तिची मुंबईला सासरी पाठवणी ठरली. सकाळी गाडी पोर्चमध्ये लागली. सामान इतकं झालं की शेठ ऐन वेळी म्हणाले, "ड्रायव्हर, तू सामान घेऊन रेल्वेनी ये. आज मीच चालवतो. मिस्त्री बसतील बाजूला, गिअरबॉक्स बघतील." घाटाचा उतार, शेठच्या हातात गाडी, मागे बाळंतीण नि बाळ, आणि गिअर निसटणार की राहणार हे सांगायला एक मेलेला हात. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते बाळाकडे पाहत होते. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. धीर झाला नाही.

मिस्त्रीच बोलले. "शेठ, माझ्या हाताला इचारू नका. त्याला काई कळत न्हाई."

शेठ हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मिस्त्री आचाऱ्याकडे गेले, चुलीवरून नुकतीच उतरलेली चहाची किटली बुडाशी तळहातावर घेतली आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. लाभ, दोन, तीन... आवाज अगदी नेहमीचा. वीसपर्यंत गेले. शेवटी बाईच ओरडल्या, "अहो, ठेवा ती खाली!" मिस्त्रींनी किटली पायरीवर ठेवली, पंच्यानं हात पुसला आणि म्हणाले, "डायवरानं सांबाळून घेतलं मला. त्याला काई बोलू नका." मुलगी त्या दिवशी रेल्वेनं गेली.

शेठनी डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी मिस्त्रींना व्हरांड्यात बसवून हाताला ठिकठिकाणी सुई टोचली, कानाची पाळी चाचपली, कोपराजवळची शीर दाबली. मिस्त्री समोरच्या डोंगराकडे बघत होते. डॉक्टर उठले आणि शेठना आत नेऊन म्हणाले, रगतपिती, म्हणजे महारोग. ते हळू बोलले होते, पण तो शब्द संध्याकाळपर्यंत कुसगावात पोचला. व्हरांडा फिनेलनं धुतला. गाडीतली मिस्त्रींची बसायची गादी माळ्यानं जाळली. शेठ माणूस वाईट नव्हते, त्यांनी लांबच्या एका मिशनच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. मिस्त्रींच्या बायकोला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. जाताना ती बिचारी बंगल्याच्या फाटकाशी थांबली होती, पण आत आली नाही.

मिस्त्री गेले त्या दिवशी मी लोणावळ्याच्या स्टेशनवर गेलो होतो. मी एकटाच होतो. ते फलाटाच्या टोकाला गाठोडं घेऊन बसले होते, दोन्ही हात पंच्याखाली. मला पाहून उठले, तोंडभर हसले आणि लगेच कामाचं बोलायला लागले. पट्टा महिन्याला बदल, जोडाजवळ तेल पाझरतंय का बघ, नाक बंद करायला विसरू नको. मी हूं हूं करत होतो. गाडी आली. तेव्हा मी पुढे व्हायला पाहिजे होतं. वर्षभर त्यांच्या हाताला हात लावून बसलो होतो मी, दर खेपेला, एकाच फळीखाली. आणि त्या दिवशी दोन हात लांबून नमस्कार केला. गाठोडंसुद्धा चढवून दिलं नाही. मिस्त्रींना ते कळलं. म्हणाले, "बराबर हाय. तुला पोरंबाळं हायत." आणि स्वतःच गाठोडं काखेत मारून चढले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांचं कार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं. ख्यालीखुशालीची एक ओळ, बाकी सगळं गाडीबद्दल. वेटोळं टिकलंय का, घाटात हात कितीपर्यंत राहतो. तेव्हा युद्ध सुरू होतं, पेट्रोल मिळेनासं झालं होतं, शेठनी गाडी केव्हाच मोडीत काढली होती. ते तांब्याचं वेटोळंही भंगारात गेलं. मी त्यांना उत्तर लिहिलं. गाडी झकास आहे, शिंग्रोबापाशी अजून थांबतो, परवा भर उन्हात हात बारापर्यंत राहिला. सगळं खोटं. पण ते लिहिताना हात अडला नाही. अडला तो पुढे. स्टेशनवरचं मनात सलत होतं, तेच लिहायला बसलो होतो मी खरं तर. दौतीत टाक दोनदा बुडवला, दोनदा वाळला. माफ करा, एवढे दोनच शब्द. ते बसतील इतकी जागा कार्डावर खाली उरली होती. ती मी कोरीच ठेवली आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.