मिटवेसाहेबांचा चहा

चष्म्याच्या दुकानातली ताई तोंडाने फटकळ. काचा घासून घासून तिची बोटं खरखरीत झाली होती आणि गिऱ्हाइकांची कटकट ऐकून जीभही. नवऱ्याच्या माघारी तिने एकटीने दुकान चालवलं, आणि तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. तरी एका माणसाने तिला रडकुंडीला आणलं होतं.

आधी तो चष्मा सैल झाला म्हणून यायचा. डोळे त्याचे ठणठणीत होते. मग तो समोरच्या फुटपाथवर उभा राहू लागला, मग बसस्टॉपवर, मग तिच्या घराच्या जिन्यात. नवनव्या नंबरांवरून फोन यायचे. त्याने कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. मेला धूर्त होता.

चौकीतल्या हवालदाराला सगळे मिटवेसाहेब म्हणायचे, कारण कुठलंही भांडण तो मिटवून टाकायचा. पद्धत एकच: दोघांना समोरासमोर बसवायचं, चहा मागवायचा, एकाला हात जोडायला लावायचं आणि कागदावर ‘आपसात मिटलं’ असं खरडायचं. नळावरची भांडाभांडी असो की हिचं प्रकरण, त्याला सगळं सारखंच. दर तक्रारीला ताई त्या माणसासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, माफी मागायचा आणि चहा संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा. तिला किळस यायची.

“झालं ना ताई समाधान?” मिटवेसाहेब वर विचारायचे.

शेवटी ती सरकारी वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन थडकली. बाईंनी हवालदाराला फाइल घेऊन बोलावलं, कागद चाळले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“दरवेळी मिटलंय. त्याच्याबरोबर बसून चहा झालाय. कोर्ट विचारेल, एवढी भीती होती तर बसलात कशाला?”

“बसले नाही, बसवलं मला!” ताईचा आवाज चढला. “विचारा यांना, बोलावलं की तो कसा यायचा ते.”

मिटवेसाहेब खुलले. “त्या बाबतीत माणूस सरळ हो. निरोप धाडायचीही गरज नाही. स्वतःच चौकीत डोकवायचा. ताईंची तक्रार आली का, विचारायचा. नाही म्हटलं की तोंड पाडून जायचा.”

वकीलबाईंनी कागदांवरून मान वर केली. तो जिन्यात कशासाठी उभा राहायचा, ते ताईला आत्ता कळलं. तिने तक्रार करावी म्हणूनच तो तिला छळत होता.

“साहेब, तुम्ही त्याला माझी भेट घडवून देत होतात,” ती म्हणाली. “चहापाण्यासकट.”

“हे सगळं जबाबात घ्या,” वकीलबाई हवालदारावर कडाडल्या. “सगळ्या तक्रारी मिळून पाठलागाचा एकच गुन्हा नोंदवा. यापुढे अशा प्रकरणात दोघांना एका खोलीत आणलंत, तर गाठ माझ्याशी आहे. आणि त्याला आजच उचला.”

मिटवेसाहेब वरमले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांना खरोखरच मदत करायची होती, आणि ताईला त्याचीच जास्त चीड आली.

“उचलायला कशाला जायचं?” ते म्हणाले. “ताई इथं बसल्यात, एवढं फोनवर सांगतो. धावत येईल.”

ताईने मोबाइल हिसकावून घेतला.

“तो माझ्या मागे चालत आलाय, साहेब. आता तुम्ही त्याच्या मागे चालत जा.”