इस्त्रीच्या टोकाची खोली

दोन रस्ते जिथे एकमेकांचा नाद सोडून आपापल्या वाटेने जातात, तिथल्या बेचक्यात एक इमारत उभी आहे. मागे रुंद, पुढे निमुळती. तिचं खरं नाव दारावरच्या दगडात कोरलंय, पण ते वाचायला आजवर कुणी थांबलेलं नाही. टपालवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला ‘इस्त्री’ म्हणतात. आणि या इस्त्रीच्या मधल्या मजल्यावर, अगदी टोकाला, कपडे शिवणाऱ्या टेलरबाई राहतात. हा योगायोग त्यांच्या नवऱ्याने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विनोद म्हणून ऐकवलेला आहे. बाई दर वेळी नव्याने हसतात. संसार टिकतो तो असा.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्याला सगळे सर म्हणतात, आणि चिडल्यावर बाईसुद्धा. घर तसं छोटं: बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मधला बोळ आणि ही टोकाची खोली. टोकाच्या खोलीला उजवीकडे एक सरळ भिंत आहे. डावीकडची भिंत मात्र दारापासूनच जी तिरकी सुटते, ती थेट खिडकीपाशी सरळ भिंतीला जवळजवळ जाऊन भिडते. कलिंगडाच्या फाकेत राहायला गेल्यासारखं वाटतं. त्यात फरशी घालणाऱ्या गवंड्याने फरश्या लावल्या त्या तिरक्या भिंतीला धरून. त्यामुळे खोलीत कुठलीही वस्तू सरळ ठेवली की वाकडी दिसते आणि वाकडी ठेवली की माणूस अडखळतो. खिडकीपाशी दोन्ही रस्त्यांचा उजेड येतो, म्हणून तिथे बाईंचं मशीन. बाकीच्या खोलीत कापडाचे गठ्ठे, चिंध्या आणि ‘उद्या नक्की देते’ असे कपडे.

ही खोली आता आक्कासाठी लावायची होती.

आक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. उभा जन्म इस्पितळात काढलेली, मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. आई लवकर गेली तेव्हा धाकटीला आक्कानेच वाढवलं. दोघी एकाच खाटेवर झोपायच्या. धाकटी झोपेत लाथा झाडायची आणि आक्का खाटेच्या कडेला हात दुमडून पडून राहायची. सारखी चिंध्यांशी खेळते म्हणून तिनेच धाकटीला ‘चिंधी’ नाव ठेवलं, आणि आज चिंधीचे केस पांढरे झाले तरी ते बदललेलं नाही.

आता आक्का एकटी होती आणि गुडघे कुरकुरत होते. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमातली खोली तिने पाहून ठेवली होती.

“छान आहे,” ती फोनवर म्हणाली. “चौकोनी आहे. खिडकी बरोब्बर मधोमध.”

“आक्का, माझ्याकडे ये ना गं.”

“तुझ्याकडे? तुझ्याकडे कोपरेच आहेत, खोली कुठाय? रविवारी येऊन बघते. सोमवारी त्यांना हो किंवा नाही कळवायचंय. मला कुणाच्या पायात यायचं नाही, चिंधे.”

बाईंनी फोन ठेवला आणि कात्री उचलली. अडचण कुठलीही असो, त्यांचा हात आधी कात्रीकडे जातो.

त्यांनी जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवली आणि खाट, कपाट, सोफा, कापड बेतायचं टेबल असं सगळं सामान खऱ्या मापाचं कागदातून कापलं. मग ते जमिनीवर मांडून घरातल्यांनी आठवडाभर त्या कागदी सामानात राहायचं, असा हुकूम सुटला. कागदावर पाय द्यायचा नाही. चपला काढूनही नाही.

सरांना हे फार आवडलं. त्यांनी लगेच खाट आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीला सामुद्रधुनी म्हणायला सुरुवात केली. सोफा द्वीपकल्प झाला. बोळ ओलांडून मशीनपर्यंत चहा नेताना ते खाटेवरून एका ढांगेत पलीकडे जात आणि सुखरूप पोहोचल्याचं मोठ्याने जाहीर करत. एक गिऱ्हाईक बाई झगा न्यायला आल्या, त्यांना तर काही कळेचना.

“अहो, जरा कपाटावरून उतरता का?” टेलरबाई म्हणाल्या.

त्या बाईंनी घाबरून वर पाहिलं, मग खाली, आणि झगा न घालून बघताच निघून गेल्या.

बाई रोज कागद हलवत होत्या. कापडावर जसा अंगरखा बेततात, तसं. गळ्याच्या खोलगटात बाही बसवायची, काखेच्या तुकड्यात खिसा काढायचा, एवढंसं कापड वाया घालवायचं नाही, ही त्यांची ख्याती. शुक्रवारी जमलं! तिरक्या भिंतीला खाट, तिच्या पायथ्याच्या त्रिकोणात कपाटाचा कोपरा, कपाटाला टेकून सोफा, सोफ्याच्या बगलेत टेबल. कागद असे बसले की मधून मुंगीसुद्धा जाणार नाही.

“अहो, बघा! एक वीत जागा वाया गेली नाही.”

“अप्रतिम,” सर म्हणाले आणि सबंध द्वीपकल्पावरून उडी मारून जेवायला गेले. ते उडी मारतायत, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. सरांना एव्हाना सवय झाली होती, आणि बाईंचं सगळं आयुष्य जमिनीवर पसरलेल्या कापडातून चवड्यांवर चालण्यात गेलेलं.

शनिवारी सुताराने नवी खाट आणि कपाट आणून दिलं. सोफा आणि टेबल घरचंच होतं. प्रत्येक वस्तू आपापल्या कागदावर तंतोतंत बसली. सुतार घाम पुसत म्हणाला, “बाई, माप म्हणजे माप हं तुमचं!” आणि गेला. सर खिडकीपाशी उभे राहून ‘अजून उत्तरेला घ्या’ वगैरे सूचना देत होते. टेबल आत सरकलं तेव्हा सूचना संपल्या, आणि सरांना बाहेर पडायचं होतं.

वाट नव्हती. खाट आता ढांगेत मावत नव्हती, कपाटावरून उडी मारता येत नव्हती. दार उघडत होतं ते एका माणसाने पोट आत घेण्याइतपत.

“थांबा, चहा देते,” बाई म्हणाल्या, कारण दुसरं काही सुचेना. खाटेवर गुडघे टेकून त्यांनी कप पुढे केला आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली.

आक्का उद्या येणार होती. पण जिने उभा जन्म वॉर्डात न सांगता फेऱ्या मारल्या, तिच्याकडून ठरलेल्या दिवसाची अपेक्षा कशी करणार? सुताराने उघडं ठेवलेल्या बाहेरच्या दारातून हातात छोटी बॅग घेऊन ती थेट टोकाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने आत डोकावून पाहिलं.

“खिडकीत कोण आहे?”

“मी आहे, आक्का. नमस्कार.”

“तिथं काय करताय?”

“राहतोय,” सर म्हणाले.

बाई रडकुंडीला आल्या होत्या. आठवडाभराची मेहनत, आणि आक्काला आत पाऊल टाकायलाही जागा नाही! पायात यायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला आपण दारातच अडवलं. सोमवारी आता ती चौकोनी खोलीच घेणार. बाई खाटेवरच बसून राहिल्या.

“आक्का, मी गं… एक वीत वाया घालवली नाही.”

“दिसतंय ते.” आक्काने बॅग खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून त्यात टाकलं आणि बाह्या वर केल्या. “कपड्याच्या शिवणीला दोन बोटं माया सोडतेस ना? मग माणसाला नको का? वॉर्डात आधी वाट आखतात गं, बयो, मग खाटा. पेशंट उठला, स्ट्रेचर आलं, तर? सर, तुम्ही आता पेशंट. हलू नका.”

“हलणार कुठे?” सर म्हणाले.

पुढचा तास इस्त्रीत नुसती रणधुमाळी होती. सोफा बाहेरच्या खोलीत गेला (“बसायला येतील ते खाटेवर टेकतील, राजे नाहीत ते”). कपाट बोळात गेलं. खाट तिरक्या भिंतीपासून सुटून सरळ भिंतीला आली. दारापासून थेट खिडकीतल्या मशीनपर्यंत एक सरळ वाट निघाली, आणि सर तिच्यावरून चालत बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवा खंड सापडल्याचे भाव होते.

“आणि ही तिरकी भिंत?” बाईंनी विचारलं. “ती तर वायाच गेली.”

“तिला खोल सामान लावायचंच नाही. हातभर फळ्या ठोकायच्या, चिंध्या तिथं. टेबलाला बिजागऱ्या लावून भिंतीशी मिटवायचं, बेतायचं असेल तेव्हा पाडायचं.” आक्का मागे सरून खाटेकडे बघू लागली. मान कलती करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला कलती करून. “वाकडी आहे.”

“खाट सरळ आहे, आक्का. फरशी वाकडी आहे.”

“मला दिसते वाकडी.”

“मग जाडजूड गोधडी शिवते, फरशी झाकून टाकते.”

“शीव. आणि सरळ शीव.”

सरांना पोटात काही राहत नाही. चहा घेताघेता त्यांनी विचारलंच. “मग आक्का, सोमवारी त्यांना काय कळवणार?”

बाईंनी कप बशीत ठेवला. आवाज न होऊ देता.

आक्काने खिडकीबाहेर पाहिलं, दोन्ही रस्त्यांकडे. “तिथं काय, चार कोपरे. एकदा खाट ठेवली की संपलं. दिवसभर करायचं काय माणसानं?” मग धाकटीकडे वळून म्हणाली, “आणि माझं तोंड दाराकडे येईल असं उसं ठेव. तुझ्याकडे कोण येतंय, कोण जातंय, मला दिसलं पाहिजे.”

डोळे पुसायला बाईंनी खाली पाहिलं, तर सोफा गेला होता तरी कागदी सोफा जमिनीवर तसाच, आणि आक्काचे दोन्ही पाय भक्कमपणे त्याच्यावर.

“आक्का,” त्या नाक ओढत म्हणाल्या, “सोफ्यावरून उतर.”

“का? तुझ्या पायात येतेय?”

“नाही गं. कागद उचलायचाय.”

आक्का मात्र उतरली नाही. तिथेच उभी राहून तिने सरांना खाटेचं पायथ्याचं टोक बोटभर उजवीकडे घ्यायला लावलं, आणि मग बोटभर डावीकडे.