दिवे लागल्यावरची भाकरी

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आधी साचे भरायचो, हातपाय थकल्यावर मालकानं गेटवर बसवलं. शिक्षण चौथी. पण मला विचारल्याशिवाय त्या गेटातलं पान हलत न्हाय, असा माझा तोरा.

हिवाळ्यात ऑफिसातल्या मॅडमनी एक टूम काढली. मॅडम टिळकवाडीच्या, हिशोब बघायच्या. म्हणाल्या, शनिवारी सुट्टी झाल्यावर ज्यानं त्यानं घरातनं एकेक पदार्थ आणायचा, सगळ्यांनी वाटून खायचा. कामाला माणसं चार मुलखांची, पण डबे खाताना चार कोपऱ्यांत बसायची. मला कल्पना आवडली. इतकी आवडली की दुसऱ्या दिवसापासनं ती माझीच झाली. कुणी काय आणायचं ते मीच सांगत सुटलो. भट्टीवरच्या बिहारी गड्याला लिट्टी, गोकाककडच्या लेथवाल्याला चित्रान्न. मांसमच्छी कुणी आणायची न्हाय, हेबी मीच ठरवलं.

वेळ तेवढी मॅडमनी ठरवली. चार वाजता. चारच का, हे मी विचारलंच न्हाय.

"आप्पा, तुम्ही काय आणणार?" मॅडमनी विचारलं.

"झुणका-भाकरी. हितंच चूल मांडून, माझ्या हातानं."

"अहो, घरातनं करून आणा की."

"गार भाकरी वाढायला मी काय मेलोय व्हय?"

मशीनशॉपचा सुपरवायझर बाजूला हसत उभा होता. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. मूळचा चिकोडीकडच्या सदलग्याचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला, हितं बायको घेऊन भाड्यानं राहायचा. वयानं माझ्या पोराएवढा. रोज गेटवर थांबून "जेवलाय न्हवं आप्पा?" असं विचारल्याशिवाय आत जायचा न्हाय. त्याच्याकडं बघून मी मोठ्यानं म्हणालो, "झुणक्यात कांदा न्हाय, लसूण न्हाय. अण्णासाठी! आमाला कळतंय म्हटलं कुणाला काय चालतंय ते."

शनिवारी शेडमागं तीन दगड मांडले. आदल्या दोन दिवसांत अवकाळी पडलेला, लाकडं भिजलेली. नुसता धूर. फुकून फुकून डोळं लाल झालं. बारा-तेरा माणसांच्या भाकरी, तवा एक. चार वाजून गेलं, पाच वाजलं. आत सतरंजीवर पत्रावळ्या मांडून, बाकी सगळं वाढून तयार. मॅडम दोनदा येऊन म्हणाल्या, "आप्पा, बसू द्या का मंडळींना? भाकरी मागनं येऊ दे."

"आमच्या गावात पंगतीला सगळं वाढून झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावत न्हाय. बसा म्हणावं गप."

बसली बिचारी. म्हाताऱ्याचा मान.

मी भाकरीचा पहिला ढीग घेऊन आत गेलो, तवा अण्णा दाराकडं बघत होता. पुढ्यात त्याच्या बायकोनं केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा उघडा. दुसरा ढीग नेला तवाबी त्याची मान दाराकडंच. बाहेर ऊन पाण्याच्या टाकीमागं सरकलेलं.

"काय रं अण्णा? बायकोनं लवकर बोलावलंय व्हय? सोडतो की बाबा, खाऊन जा!"

सगळे हसले. तोबी हसला.

शेवटची भाकरी उतरवून आत आलो तोवर कुणीतरी बल्ब लावला होता. मी पाणी फिरवलं न् म्हटलं, करा सुरू. सगळे तुटून पडले. अण्णानं तेवढं हात जोडले.

"आप्पा, मला बास."

"बास? घास तर घेतला न्हाईस!"

"पोट भरलंय."

मला राग आला. डोळं फोडून घेतलं ते कुणासाठी? एक भाकरी मोडून त्याच्या पत्रावळीवर ठेवली, वर झुणका घातला. म्हटलं, "तुझ्यासाठी कांदा टाकला न्हाय, आन तू माझा एवढा मान ठेवंनास? का आमच्या हातचं चालत न्हाय?"

लेथवाल्यानं माझं कोपर धरलं. हळूच कानडी मिसळून म्हणाला, "बिडरी, सोडा आप्पा. दिवं लागल्यात बघा."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवस मावळल्यापासनं उगवेपर्यंत अण्णा अन्न खात न्हाय, पाणीसुद्धा घेत न्हाय. हे मला कुणी सांगायचं? निपाणी-चिकोडीकडं माझी निम्मी सोयरीक. जैनांच्या घरी पाहुणा गेलो की दिवस असताना ताट यायचं, आन मी पोटभर जेवून कौतुक करायचो. मॅडमनी चारची वेळ कुणासाठी धरली होती, तेबी तवाच कळलं. कांद्याची आठवण ठेवली म्हणून मिरवलो, आन त्याच माणसाला भरल्या पत्रावळीपुढं उपाशी बसवलं.

चूक झाली, एवढं म्हणायचं होतं. तोंडातनं आलं ते भलतंच. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी चूल फुकत हुता आप्पा," तो म्हणाला. "कसं सांगू?"

अण्णा उठला, आपला डबा घेतला आन सगळ्या पंगतीला पोळ्या वाढत फिरला. माझ्यापुढं आला तवा वाकून दोन वाढल्या. "घ्या आप्पा, तूपबी आहे." मान खाली घालून बसलो. माझं पान तसंच राहिलं. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, कसं झालं जेवण? मी पिठाचा डबा उघडून बघितला.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंधारातच उठून मी भाकरी थापल्या, झुणका केला, बिनकांद्याचा. धडप्यात गुंडाळून सायकलीला लावलं आन अण्णाच्या दारात गेलो. आत भांडी वाजत होती, पण अजून उजाडायचं होतं. कडी वाजवली न्हाय. पायरीवर बसलो. ऊन उंबऱ्यावर आलं तवा उठून कडी वाजवली. त्यानं दार उघडलं. मी धडपं पुढं केलं आन म्हणालो, "गार झाल्यात रं."