कमलकाकूंचं बंद झालेलं फिरणं

कमलकाकूंवर अन्याय झाला तो काकांच्या तेराव्याला, जेवणं उरकल्यावर. मोठ्या जाऊबाईंनी बजावलं, "आता वर्षश्राद्ध होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही." रोज सकाळी टेकडी चढणाऱ्या काकू तेव्हापासून मला खिडकीचे गज धरून उभ्या दिसतात. वजन वाढलंय. पूर्वीइतकंच इन्सुलिन टोचूनही साखर उतरत नाही, कारण बसून राहिलेलं शरीर त्याला दाद देईनासं होतं. आणि शेजारीण काय म्हणते? "नवरा गेला, पण बाई चांगलीच मानवली हो!" बाईला कोंडलं की तिचं शरीरही आतून कड्या लावून घेतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तुम्ही सांत्वनाला जाताय ना? मग चपला काढूच नका. दारातूनच काकूंना हाक मारा आणि फिरायला घेऊन चला.