ठोशाच्या मधली चित्रं

हलत्या चित्रांच्या कारखान्यात त्याला सगळे मधल्या म्हणत. बडा चित्रकार आधी मूठ उगारलेला राक्षस काढायचा, मग जबडा फुटलेला शिपाई. या दोहोंच्या मधली सगळी चित्रं काढायची मधल्यानं, तेव्हा कुठे पडद्यावर हात हलायचा. काचेखाली दिवा, कागदावर कागद, आणि बोटांत धरून फडफडवत बघायचं. उभं आयुष्य त्यात गेलं, पण गडी खूश!

हा ठोसा मात्र काही केल्या बसेना.

"राक्षस मारतोय की गाल कुरवाळतोय रे?" बड्या चित्रकारानं सगळी चळत मधल्याच्या तोंडावर भिरकावली. "उद्या शिपायाचे दात पडले नाहीत, तर तुझी खुर्ची दुसऱ्याला!"

आता मधल्यानं जन्मात कुणाला चापट मारली नव्हती की खाल्ली नव्हती. तो तडक थोरल्या बहिणीच्या घरी गेला. तिचा नवरा ट्रकची चाकं उतरवायचा. पंजा असा, की पाना हातात घ्यायलाच नको.

"भावोजी, मला एक ठोसा मारा. अगदी मनापासून."

"साल्या, लग्नापासून वाट बघतोय!" भावोजींनी बाह्या सरसावल्या.

पहिल्या ठोशाला मधल्यानं डोळेच मिटले. ओठ फाटला, ठोसा फुकट गेला. दुसऱ्याला बहीण किंचाळली आणि भावोजींनी हात आखडला.

"तू गप गं, ताई! मारा, भावोजी!"

कडाड्! दोन दात फरशीवर, सदऱ्यावर रक्ताची धार, आणि हा पठ्ठ्या भिंतीला टेकून हसतोय! "मूठ येताना दिसलीच नाही! खांद्याशी होती, ती एकदम जबड्यात!"

ताईनं पातेलं उचलून नवऱ्याच्या पाठीत घातलं, मग भावाच्याही.

सकाळी मधल्यानं वाटेतल्या हाताची आपलीच चित्रं, इतकी घोटून काढलेली, टराटरा फाडली. उगारलेली मूठ, की लगेच वाकडा जबडा. मग मात्र दात, लाळ, रक्त, सगळं सावकाश उडवलं.

बड्या चित्रकारानं कागद फडफडवले आणि त्याचा स्वतःचाच हात गालावर गेला. पुन्हा फडफडवले. पुन्हा गेला.

"बस जागेवर," तो गुरगुरला.

भावोजींना मात्र वेगळीच काळजी. "माझा हात दिसतो ना रे त्यात?"

"नाही दिसत, भावोजी," मधल्या सुजल्या तोंडानं म्हणाला, "म्हणून तर लागतो."